जिनिव्हाचं कारंजं बंद असेल तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरच्या सुरुवातीला आई-बाबांना घेऊन तुम्ही जिनिव्हात तीन रात्री राहणार आहात. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, आईचे गुडघे कुरकुरतात पण बागा आणि खाणंपिणं यात त्यांना रस आहे. आणि ज्याला विचारावं तो सांगतो, ‘तिथे आहे काय? कारंजं बघा, फुलांचं घड्याळ बघा आणि दुपारच्या गाडीने इंटरलाकन गाठा.’ मग तीन दिवस फुकट जाणार का?

मी सतरा वर्षं पुण्याहून ग्रुप घेऊन जातेय. पहिली चारपाच वर्षं मीसुद्धा नेमकं हेच करायचे. सकाळी कारंजं, अकराला घड्याळ, साडेबाराला जेवणाचे डबे, दोनला बस. मग एका वर्षी बीझ सुटला. बीझ म्हणजे तिथला ईशान्येकडून येणारा गार, कोरडा वारा. हा वारा जोरात असला की कारंजं बंद ठेवतात, कारण पाणी उडून रस्त्यावर येतं. आमच्या ग्रुपमधले एक काका रिकाम्या तळ्याकडे बघत मला म्हणाले, ‘मॅडम, ब्रोशरमध्ये होतं, इथे नाहीये. याचे पैसे वजा करा.’ त्या दिवशी चाळीस लोकांना संध्याकाळपर्यंत काय दाखवायचं या धास्तीने मी शहर पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणून माझं उत्तर: तीन दिवस कमी पडतील, फक्त यादी बदला.

आधी या गावाचा स्वभाव सांगते. जिनिव्हा दिसायला शिस्तीचं, जरा रुक्ष आहे. सोळाव्या शतकात इथे काल्व्हिन या धर्मसुधारकाचा दरारा होता. दागदागिन्यांवर बंधनं आली, सोनार हवालदिल झाले आणि घड्याळांकडे वळले. देवाची अंगठी चालत नाही, पण वेळ बघायला यंत्र चालतं! 1601 मध्ये तर घड्याळजींचा स्वतंत्र संघच उभा राहिला. तर असं हे गाव. इथला वेडेपणासुद्धा दप्तरी नोंद करून, शिक्का मारून चालतो. उरलेलं स्वित्झर्लंड त्यावरून यांची टिंगल करतं. जर्मन बोलणाऱ्या स्विस लोकांकडे त्यासाठी ‘गेन्फेराय’ असा खास शब्दच आहे, म्हणजे जिनिव्हावाल्यांचे नसते उद्योग. मला विचाराल तर बघण्यासारखं तेच आहे.

पहिला नमुना आईंना दाखवा. जुन्या गावाच्या तटावर ‘त्रेय’ नावाची झाडांची वाट आहे. तिथे चेस्टनटच्या रांगेत एक झाड सरकारी आहे. त्या झाडाला पहिलं पान कधी फुटलं याची नोंद 1818 पासून दरवर्षी ठेवली जाते. ठेवतो कोण? कॅन्टनच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या, विधिमंडळाचा सचिव, ज्याला तिथे ‘सोतिए’ म्हणतात. फेब्रुवारी-मार्चात हा गृहस्थ रोज जाता-येता मान वर करून कळ्या बघतो आणि पान उलगडलं की शासकीय निवेदन निघतं की वसंत आला. वर्तमानपत्रात बातमी येते. हल्ली हवामान इतकं बदललंय की पान कधीकधी भर हिवाळ्यातच फुटतं, तरी नोंद होतेच. झाड वठलं तर नवं झाड ‘अधिकृत’ म्हणून नेमतात. बाकीची चेस्टनटं आधी फुटली तरी ती मोजत नाहीत. ज्येष्ठतेच्या यादीत नाव नाही ना!

त्याच वाटेवर लाकडी बाक आहे. एकच बाक, लांबी 120 मीटर. जगातला सर्वांत लांब लाकडी बाक असं गाववाले अभिमानाने सांगतात. आईंच्या गुडघ्यांसाठी ही जागा उत्तम. तिथे बसवा, खाली बास्तियों बागेत दहा-वीस माणसं गुडघ्याएवढ्या सोंगट्या उचलून बुद्धिबळ खेळत असतात, आणि सोंगटी ठेवणारा एक आणि शहाणपण शिकवणारे नऊ, हे दृश्य आपल्याला अजिबात परकं वाटत नाही. जवळच धर्मसुधारकांची शंभर मीटर लांब दगडी भिंत आहे. तिच्यावरचा पाच मीटर उंच काल्व्हिन हे सगळं अत्यंत नाराजीने बघतोय.

बाबांसाठी मात्र खरी मेजवानी तळ्याकाठीच आहे, फक्त ती कुणी दाखवत नाही.

कारंज्यापासूनच सुरू करू. ‘झे दो’ म्हणजे सरळ ‘पाण्याचा फवारा’, नाव इतकंच. पाणी 140 मीटर वर जातं, नळीतून बाहेर पडताना त्याचा वेग ताशी 200 किलोमीटर असतो आणि सेकंदाला 500 लिटर उपसा होतो. बाबांच्या भाषेत जेमतेम 18 क्युसेक. एखाद्या वितरिकेएवढंही नाही, पण सरळ उभं केलंय म्हणून जग बघायला येतं. दोन पंप आहेत, त्यांना समोरच्या डोंगरांची नावं दिलीत, झुरा आणि सालेव्ह. पण खरी मौज उगमात आहे. हे शोभेसाठी बांधलेलंच नव्हतं. 1886 मध्ये ऱ्होन नदीवर एक जलशक्ती केंद्र उभं राहिलं. तिथून दाबाचं पाणी नळांतून गावातल्या कारखान्यांना, घड्याळजींच्या आणि सोनारांच्या यंत्रांना जायचं. संध्याकाळी कारागिरांनी यंत्रं बंद केली की नळांतला दाब एकदम वाढायचा. किती जण कधी बंद करतील याचा नेम नाही. म्हणून एक सुरक्षा झडप बसवली, तिच्यातून जादा दाबाचं पाणी तीसेक मीटर उंच उडायचं. लोक ते बघायला जमायला लागले. नगरपालिकेने विचार केला, आपल्याकडे फुकटात प्रेक्षणीय स्थळ तयार झालंय. 1891 मध्ये ते उचलून तळ्यात आणलं. आजची उंची 1951 पासूनची. म्हणजे जिनिव्हाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर जे दिसतं तो मुळात सुरक्षा झडपेच्या गळतीचा सुधारलेला अवतार आहे. आपल्याकडे पाइपलाइन फुटली की पोरं जमतात, तसंच.

एक सूचना. दगडी धक्क्यावरून कारंज्याच्या अगदी जवळ जाता येतं. जाताना वाऱ्याकडे लक्ष ठेवा. वारा फिरला की सात टन पाणी कुठे पडायचं ते ठरवून पडतं. मी स्वतः एकदा नखशिखान्त भिजलेय, पासपोर्टच्या पाऊचसकट. मागच्या पानावरचा पत्ता आजही पुसट आहे.

कारंज्याच्या अलीकडे, काठापासून थोडं आत पाण्यातून दोन मोठे दगड वर आलेले दिसतील. बदकं बसतात त्यावर. लोक फोटोत ते येऊ नयेत म्हणून कोन बदलतात. बाबांना तिथे नेऊन उभं करा आणि विचारा, या दगडाचा आर.एल., म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, किती?

हे ‘निटन’चे दगड. हिमयुगातल्या हिमनदीने आल्प्समधून ढकलत आणून इथे टाकलेले. त्यातल्या एकावर 1820 मध्ये धातूची पट्टी बसवली, आणि हा दगड अख्ख्या स्वित्झर्लंडचा बेंचमार्क झाला. देशाला समुद्र नाही, त्यामुळे उंची मोजायची कुठून? मार्सेच्या समुद्रपातळीवरून इथपर्यंत लेव्हल आणली आणि पुढे सगळे डोंगर, घाट, स्टेशनं या दगडावरून मोजली. जनरल द्युफूर यांनी देशाचा पहिला मोठा नकाशा केला तेव्हा दगडाची उंची धरली होती 376.86 मीटर. पुढे नव्याने लेव्हलिंग झालं आणि 1902 मध्ये कळलं की आकडा 373.6 हवा. झालं! दगड जागचा हलला नाही, पण कागदावर सगळा देश एका फटक्यात 3 मीटर 26 सेंटीमीटरने बुटका झाला. युंगफ्राऊसुद्धा.

आमच्या एका ग्रुपमध्ये भूमापन खात्यातले निवृत्त आजोबा होते. ब्याऐंशी वर्षांचे. सगळे आइस्क्रीम खायला गेले आणि हे कठड्याला धरून त्या दगडाकडे बघत अर्धा तास उभे. परत बसमध्ये बसले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘तीन मीटरचा एरर. आमच्या साहेबांनी सस्पेंड केलं असतं.’

त्याच तळ्याचे आणखी दोन आकडे बाबांना सांगा. क्षेत्र सुमारे 580 चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी 310 मीटर. पाणी सुमारे 89 घन किलोमीटर, म्हणजे तीन हजारांहून जास्त टीएमसी. कोयना काठोकाठ भरलं तर 105. तेव्हा अशी तीसेक कोयना तिथे सपाट पसरलीत असं समजा. आणि हे पाणी स्वस्थ बसत नाही. वारा आणि हवेचा दाब बदलला की सगळं तळं परातीतल्या पाण्यासारखं हिंदकळतं, एका टोकाला वर, दुसऱ्या टोकाला खाली. हेलकावा पूर्ण व्हायला सुमारे 73 मिनिटं लागतात. याला ‘सेश’ म्हणतात आणि जिनिव्हा तळ्याच्या अरुंद टोकाला असल्यामुळे इथे तो जास्त जाणवतो. एरवी हे चढउतार काही सेंटीमीटरचे, डोळ्याला दिसत नाहीत. पण मॉर्झ गावच्या फोरेल नावाच्या प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकात हे मोजत बसून तळ्यांचं अख्खं शास्त्र उभं केलं. तळ्याची पातळी आज जिथून सांभाळली जाते ते सजेचं धरण नदीपात्रात शहराच्या मधोमध आहे, वरून लोक चालत ऑफिसला जातात. बाबा गेट मोजतील. मोजू द्या.

हो, आणि स्थानिक माणसाशी बोलताना ‘लेक जिनिव्हा’ म्हणू नका. तळ्याचं नाव लेमां. ल्योझान, मोंत्रो, एव्हियांचंही ते तळं आहे, आणि बहुतेक दक्षिण काठ तर फ्रान्सचा. नाव मात्र एकट्या जिनिव्हाचं कसं, असा तिथला जुना सल आहे.

फुलांचं घड्याळ? जाताजाता दिसेल. बागेत आहे, 1955 चं. पुढे चला.

काठावरच्या दोन गोष्टी मात्र सोडू नका, कारण त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि पाटी वाचून ते कळत नाही. उजव्या काठावर, बो-रिव्हाज हॉटेलसमोर, 10 सप्टेंबर 1898 ला ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, जिला सगळे सिसी म्हणतात, बोटीकडे चालत निघाली होती. लुकेनी नावाच्या इटालियन अराजकवाद्याने पुढे येऊन तिच्या छातीत घासलेली कानस खुपसली. त्याला खरं तर दुसऱ्याच एका राजपुत्राला मारायचं होतं, तो गावात आलाच नाही. हत्यार इतकं बारीक आणि कॉर्सेट इतकं घट्ट की आपल्याला भोसकलंय हे तिला समजलंच नाही. ती उठली, चालत बोटीवर चढली आणि बोट निघाल्यावर कोसळली. त्या बोटीचं नाव ‘जनेव्ह’. आता बघा, ती बोट अजून आहे. डाव्या काठाला, ओ-व्हिव्हच्या बाजूला कायमची बांधून ठेवलीय. 1896 ची वाफेची बोट. आज तिथे एक संस्था बेघर आणि अडचणीत असलेल्या लोकांसाठी काम करते, आणि तुम्ही-आम्हीही जाऊन कॉफी पिऊ शकतो. मी ग्रुपला आधी कॉफी पाजते, मग गोष्ट सांगते. उलट केलं तर काही जण कॉफी सोडतात.

हॉटेलच्या बाजूलाच एक भलंमोठं, शिखरंबिखरं असलेलं संगमरवरी प्रकरण दिसेल. लोकांना ते चर्च वाटतं. ते ब्रुन्स्विकच्या ड्यूकचं थडगं आहे. हा ड्यूक आपल्या राज्यातून हाकलला गेलेला, 1873 मध्ये इथे वारला आणि कोट्यवधींची संपत्ती शहराच्या नावे करून गेला. अट एकच: इटलीतल्या व्हेरोनामध्ये स्कालिजेर घराण्याची थडगी आहेत तशी हुबेहूब मला बांधा. काल्व्हिनच्या गावाने क्षणभर नाक मुरडलं असेल, पण पैसे घेतले. थडगं झालं, त्या पैशातून ऑपेरा हाउसही झालं. फक्त माथ्यावर ठेवलेला ड्यूकचा घोड्यावरचा पुतळा वर टिकेना, म्हणून काही वर्षांनी खाली उतरवून बाजूला ठेवला. तो आजही तिथेच, वर जायची वाट बघत उभा आहे.

दुसरा दिवस गावाच्या पलीकडच्या बाजूला द्या. प्लँपाले नावाचं शंकरपाळ्याच्या आकाराचं मोठं मैदान आहे, लालसर खडीचं. बुधवारी आणि शनिवारी तिथे जुना बाजार भरतो. आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखाच, फक्त विकणारा ओरडत नाही आणि भाव केला तर दुखावल्यासारखा चेहरा करतो. (करा तरी. कमी होतो.) मैदानाच्या कडेला एक खांदे पाडून चाललेला, शिवलेल्या कपाळाचा, अडीच मीटरच्या जवळपास उंच ब्राँझचा माणूस दिसेल. फ्रँकेनस्टाइनचा राक्षस. 1815 मध्ये इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. 1816 च्या त्या पावसाळी जूनमध्ये मेरी शेली आणि तिची मित्रमंडळी जिनिव्हाजवळच्या कोलोन्यी गावात घरात अडकून पडली आणि वेळ घालवायला भुताच्या गोष्टी रचायला बसली. त्यातून हा राक्षस निघाला. कादंबरीत त्याचा पहिला खून याच प्लँपालेत होतो, म्हणून 2014 मध्ये पुतळा इथे. मला आवडतं ते हे, की त्याला चौथरा नाही. फुटपाथवर सरळ माणसांत उभा आहे, मागून आलात तर खरोखर दचकता.

पाच मिनिटांवर ‘राजांची दफनभूमी’ आहे. नाव मोठं, राजा एकही नाही. काल्व्हिन इथे आहे, किंवा असावा. 1564 मध्ये त्याने आपल्या थडग्यावर खूण ठेवू नका असं बजावलं होतं, तर पुढच्यांनी अंदाजाने एक छोटा दगड लावला, त्यावर फक्त दोन अक्षरं, जे. सी. अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस इथे आहेत. आणि 2009 पासून ग्रिझेलिदिस रेआल नावाची लेखिका-चित्रकारही, जी उघडपणे वेश्याव्यवसाय करायची आणि त्या बायकांच्या हक्कांसाठी भांडायची. तिला काल्व्हिनच्या शेजाराला आणण्यावरून गावात भरपूर वाद झाला. झाला आणि आणलंच.

स्मशानांचा विषय निघालाच आहे तर एक आपल्या माणसाची गोष्ट. श्यामजी कृष्ण वर्मा. लंडनचं इंडिया हाउस त्यांचं. टिळकांच्या शिफारशीवर शिवाजी शिष्यवृत्ती मिळवून सावरकर 1906 मध्ये तिथेच जाऊन राहिले. ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यामुळे श्यामजी लंडनहून पॅरिसला आणि 1914 मध्ये जिनिव्हाला आले, ते इथलेच झाले. 30 मार्च 1930 ला वारले. अस्थी स्वतंत्र भारतातच जाव्यात म्हणून त्यांनी सेंट जॉर्जेस दफनभूमीत शंभर वर्षांसाठी आगाऊ पैसे भरून ठेवले होते, स्वतःच्या आणि पत्नी भानुमतींच्याही. भानुमती 1933 मध्ये गेल्या. देश 1947 मध्ये स्वतंत्र झाला आणि कलश तिथेच फडताळात राहिले, 2003 पर्यंत. त्या ऑगस्टमध्ये ते भारतात आले. तिथे आता बघायला तसं काही नाही, झाडं आहेत आणि शांतता आहे. पण माझ्या ग्रुपमधल्या सत्तरीपुढच्या माणसांना मी नेते. आजवर एकानेही ‘इथे काय आहे’ असं विचारलेलं नाही.

तिथून जवळच बाती नावाची गर्द झाडी आणि झोंक्सियोंचा पूल. पुलाच्या मध्यावर उभं राहा आणि खाली बघा. डावीकडून-उजवीकडून दोन नद्या येतात, तळ्यातून गाळ बसवून आलेली निळीशार ऱ्होन आणि माँ ब्लाँच्या हिमनद्यांचं पीठ घेऊन आलेली राखाडी आर्व्ह. एकत्र आल्यावरही मिसळत नाहीत. बराच वेळ एकाच पात्रात दोन रंग शेजारी-शेजारी चालतात, मधली रेघ आखल्यासारखी. पुलावर रेल्वे वरून धडधडत जाते आणि शेजारच्या पायवाटेवर आपण. कठडे नीट आहेत, आईंना भीती वाटणार नाही. उन्हाळ्यात खाली गावातली पोरं रबरी होड्यांत आडवी होऊन वाहत येतात आणि संगमाच्या आधी काठाला लागतात. लागावंच लागतं. आर्व्ह भलतीच गार आहे.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते: तारखा तपासा. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारनंतरचा गुरुवार म्हणजे ‘झ्योन झनव्हुआ’, जिनिव्हाचा उपास. सरकारी सुट्टी, फक्त याच कॅन्टनमध्ये. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये मारल्या जाणाऱ्या धर्मबांधवांच्या दुःखात सुरू झालेली परंपरा. उपास मागेच गळून पडला. पूर्वी त्या दिवशी स्वयंपाक करायचा नाही म्हणून आदल्या दिवशी आलुबुखारांचा टार्ट भाजून ठेवायचे. आता उपासाचा अर्थच आलुबुखारांचा टार्ट खाणं असा झालाय. बेकऱ्यांबाहेर रांगा. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्याकडेच आहे असा माझा समज होता. टार्ट जरूर घ्या, जरा आंबट असतो, पण बाकीची दुकानं त्या दिवशी बंद. रविवारीही बंद. रविवारी उतरणार असाल तर कॉर्नाव्हँ स्टेशनातली दुकानं उघडी असतात. आणि रविवारी रिकाम्या काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकायला जाऊ नका. आवाज होतो. वरच्या मजल्यावरची एक बाई मला खिडकीतून जे बोलली ते फ्रेंच होतं, पण समजलं.

तुम्ही डिसेंबरात जात असतात तर मी सगळं सोडून एस्कलाडबद्दलच लिहिलं असतं. 1602 च्या 11-12 डिसेंबरच्या रात्री साव्हॉयच्या ड्यूकच्या सैनिकांनी तटाला शिड्या लावल्या. एस्कलाड म्हणजे शिडीने चढाई. आपल्या गोष्टींत रात्री तटावर चढणारे आपले असतात आणि ऊर भरून येतो. इथे चढणारे शत्रू आहेत, त्यामुळे ऐकताना आपली बाजू चुकते. म्हातारी रुआयोम, म्हणजे भरपूर पोरांची एक आई, हिने चुलीवरचं भाजीच्या सुपाचं उकळतं पातेलं खिडकीतून खालच्या सैनिकाच्या डोक्यावर ओतलं. शिड्या पाडल्या, गाव वाचलं. त्याची आठवण म्हणून दर डिसेंबरात चॉकलेटचं पातेलं मिळतं, आत बदामाच्या लगद्याच्या बारीक भाज्या. घरातल्या सर्वांत लहानाने आणि सर्वांत थोराने मिळून ते फोडायचं. आणि कॅन्टनचं गीत याच लढाईवरचं, 68 कडव्यांचं, अशा जुन्या बोलीत की गाणाऱ्यालाच बहुतेक कळत नाही. गातात मात्र चारच कडवी, उभं राहून.

सप्टेंबरात यातलं काही नाही, पण जुन्या गावाचा तट, ते बाकाचं ठिकाण, सगळं तिथेच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर्न, म्हणजे कणभौतिकीची युरोपीय प्रयोगशाळा. ट्राम शेवटच्या थांब्यापर्यंत घेऊन जाते. 2023 मध्ये उघडलेलं त्यांचं विज्ञान केंद्र विनामूल्य आहे, सोमवारी बंद असतं. जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर अणूहून लहान कण वेगाने फिरवणाऱ्या यंत्राचं 27 किलोमीटरचं वर्तुळ आहे, निम्म्याहून जास्त फ्रान्सच्या हद्दीत. आणि आवारात भारत सरकारने 2004 मध्ये दिलेला दोन मीटरचा नटराज आहे. तो संस्थेच्या आतल्या भागात आहे, मार्गदर्शित फेरीत दिसेलच असं नाही, तेव्हा आईंना आधीच वचन देऊ नका.

दुपारी ट्राम 12 ने कारूज. ही गाडी ज्या मार्गावर धावते त्यावर 1862 पासून ट्राम आहे, तेव्हा घोडे ओढायचे. कारूज हे अठराव्या शतकात सार्डिनियाच्या राजाने जिनिव्हाला टक्कर द्यायला वसवलेलं गाव. तिकडे काल्व्हिनचे नियम, इकडे खानावळी. तिकडे एकच पंथ, इकडे कॅथलिक, ज्यू, सगळ्यांना जागा. आता जिनिव्हाला चिकटलंय, पण घरं बुटकी, हिरव्या खिडक्यांची, आणि रस्त्यावरचं दार ढकललं की आत चौक. वाड्यात शिरल्यासारखं वाटतं. दार उघडं असेल तर आत डोकावायला हरकत नाही, मांजर असेल तर तिच्याशी बोला.

राहिलं खाणं. बाबांनी ‘लेमांचे पर्च मासे’ मागवले तर मागवू द्या, चव छान असते, पण ताटातला मासा बहुतेक वेळा बाहेरच्या देशातून आलेला असतो. तळ्यात तेवढे मासेच नाहीत. तुम्ही शाकाहारी असाल तर फाँड्यू, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा प्रकार. दोन गोष्टी आधी सांगते, नंतर मला बोल नको: त्यात पांढरी वाइन असते, आणि ग्रुयेर चीज वासराच्या जठरातलं रेनेट वापरून करतात. कडक पाळणाऱ्यांनी विचार करावा. ज्यांना चालतं त्यांनी बँ दे पाकी गाठावं. हे तळ्यात घुसलेल्या धक्क्यावरचं सार्वजनिक स्नानगृह, आजची इमारत 1932 ची. पाडायची ठरली होती, 1988 मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून वाचवली. एका लांब टेबलावर बँकेतला साहेब, ओला टॉवेल गुंडाळलेली आजी आणि आपण. फाँड्यू थंडीच्या दिवसांत असतं, सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू झालंय का ते विचारून घ्या. नसेल तर रोजचं ताट घ्या.

मिळालं तर घाई करून उठू नका. चीज संपत आलं की आच बारीक करतात आणि मातीच्या भांड्याच्या तळाला तांबूस पापुद्रा धरतो. तिथले लोक त्याला ‘रलिझ्यूझ’, म्हणजे जोगीण म्हणतात, आणि त्यासाठी टेबलावर भांडण होतं. आपली खरवडच ती. आमच्या ग्रुपमधल्या एका आजींनी पूर्ण फाँड्यू ‘नको गं, वास येतो’ म्हणून नाकारला, आणि शेवटी ते भांडं पुढे ओढून, पर्समधला स्टीलचा चमचा काढून, तळ स्वच्छ केला. वाढणारा मुलगा बघत उभा राहिला, मग आत जाऊन शेजारच्या टेबलावरचं भांडंही घेऊन आला.